झोपेचं सदर

वहीत राजाक्काच्या नावापुढे लिहिलंय:
झोप. एकवीस दिवस. सहा हजार तीनशे.
हिशेब तपासणाऱ्या बापूंनी चष्मा काढला,
म्हणाले, ताई, हे कुठल्या सदरात घालू?
प्रवास आहे, छपाई आहे, चहापान आहे.

मी खजिनदार.
सातवी पास, अक्षर बरं म्हणून निवडलेली.
म्हटलं, मग एक सदर आखा.

त्यांना मार्चपासून सांगायला हवं होतं.
सोलापूरचा मार्च. पत्र्याखाली
भिजवलेली पानं दुपारीच कुरकुरायला लागतात.
राजाक्का यमूल तेव्हाही बसलेली,
मांडीवर सूप, कानाला फोन.
विडी घरकुलातल्या चौदा गल्ल्यांत
रात्री दीडला दार वाजायचं ते तिचंच.
चौकी, सिव्हिल, कोर्टाची तारीख,
अक्कलकोट रोडच्या खोलीत कोंडलेली कुणाची तरी सून,
आणि उजाडल्यावर पुन्हा हजार विड्या,
कारण कार्ड बंद पडलं की फंड बंद.
डॉक्टरनं विश्रांती लिहून दिली.
त्याच कागदाच्या पाठीवर तिनं
तिघींचे नंबर उतरवून घेतले.

मग एकदा चौकीच्या पायरीवर
ती बसली ती उठेचना.
रडली नाही. एवढंच म्हणाली,
"दोरा संपला गं."

त्याच आठवड्यात पुण्याहून फॉर्म आला.
अठ्ठावीस पानं. लाभार्थी किती?
बदल किती, टक्क्यांत लिहा.
रक्कम मोठी होती, खोटं कशाला बोलू,
तोंडाला पाणी सुटलं.
खाली बारीक अक्षरात:
मानधनावर खर्च करता येणार नाही.

छबू तळभंडारे उसळली,
"मग बाईनं काय वारा खाऊन लढायचं?"
मेहरूनबी कांड्या भरते यंत्रमागावर. ती म्हणाली,
"तार तुटली की माग थांबवतात,
गाठ मारतात, मग चालू करतात.
तारेला कोण शिव्या देतं का?"

नरसव्वा मात्र कात्री खाली ठेवून बोलली,
"आम्हाला कोण देतंय झोपायचे पैसे?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.
पंखा फिरत होता.
तंबाखूचा धुरळा उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होता.
तेवढ्यात कुणीतरी शिंकलं, आणि बैठक मोडली.

पुढच्या शनिवारी
पहिली चिल्लर नरसव्वाचीच आली,
पदराच्या गाठीतून, ओलसर.
म्हणाली, "लिही. आणि माझी पाळी कधी, तेपण लिही."

तर बापू, हा आमचा निधी असा:
हजारामागे एका कट्ट्याची मजुरी.
ज्या आठवड्यात सट्टेदार छाट जास्त काढतो
त्या आठवड्यात निधीही लंगडतो.
फॉर्म आम्ही भरून पाठवलाय,
लाभार्थीच्या रकान्यात सगळ्यांची नावं घालून,
आधी राजाक्काचं.
अजून उत्तर नाही.

आता ती माझ्याच घरी आहे.
मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून,
फोन माझ्या डब्यात, ज्वारीच्या पिठाशेजारी.
पहिले चार दिवस ती झोपेत बोटं हलवायची,
पान वळायची, तोंड मुडपायची,
दोरा गुंडाळायची हवेला.
पाचव्या दिवशी बोटं थांबली.

काल रात्री दीडला दार वाजलं.
बाहेर एक पोर, ओठ फाटलेला,
हातात एकच चप्पल.
"राजाक्का आहे?"

माझ्या तोंडात "आहे" आलं होतं.
समोरच्या घरात छबूचा दिवा लागला,
मेहरूनबी ओढणी सावरत जिना उतरली,
नरसव्वानं पाण्याचा तांब्या पुढे केला
आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
शिवी असावी, पोरीला नव्हे.
आम्ही चौघी निघालो चौकीकडे.

मागच्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज झाला.
मी दार हळूच ओढून घेतलं.

बापू, लिहा:
झोप. चालू आहे.